तू ‘बघितली न्हाई’ म्हणालीस तेव्हा

अक्का, पेपरात तुझा फोटो आलाय. खाली गाव, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण आहे, सगळं बिनचूक छापलंय. त्यावरूनच तुला कळलं असेल की तो मजकूर माझा नाही. विकासनं लिहिला. मला आधी विचारलं होतं त्यानं, "मामा, तुमी लिवताय का?" आणि माझं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "नगं. तुमी लय लांबवशीला." तुझाच मुलगा.

म्हणून हे वेगळं लिहितोय. तू जाऊन अजून पंधरवडाही झालेला नाही. माणसांची ये-जा चालू आहे, माझ्या सुनंदाच्या चहाचं आधण खाली उतरत नाही, आणि येणारा जाणारा मला म्हणतो, बाळू, अक्काचं काहीतरी सांग की. मी सुरू करतो आणि मध्येच अडखळतो. कोपऱ्यातून "तसं न्हाई झालं" म्हणणारं कुणी नाही ना. जन्मभर मला वाटायचं, ही बाई जरा गप्प बसली तर मी काय काय रंगवून सांगेन. आता तू गप्प आहेस, आणि माझ्या तोंडून बाजारभाव वाचल्यासारखी कोरडी हकिकत बाहेर पडते. लोक चहा संपवून उठतात.

तुझ्याकडे मी सिक्युरिटी गार्डच्या ट्रेनिंगला आलो तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. हळदीच्या पेढीवरची नोकरी गेली होती, ती का गेली हे मी सगळ्यांना वेगवेगळं सांगितलेलं होतं. तू काही न विचारता म्हणालीस, "आठवी पास हायेस. डोळं बरं हायेत. पोलिसात नाव न्हाई. उंचीचं तेवढं बघू." उंची मोजताना मी केस वर करून उभा राहिलो, तर तू पट्टीनं ते दाबलेस आणि पुन्हा मोजलंस. मापात बसलो कसाबसा. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलंस, "हितं मी कुणाची अक्का न्हाई. मॅडम म्हणायचं." मी म्हटलं, "व्हय अक्का." तू मला मैदानाला फेरी मारायला लावलीस. फेरी मारून आल्यावर चुकून पुन्हा तेच म्हणालो. त्या दिवशी मी बऱ्याच फेऱ्या मारल्या.

कुपवाडला तो पत्र्याचा वर्ग. समोर पोलीसभरतीत छातीच्या मापात नाहीतर पळण्यात मागे पडलेली ऊसवाल्यांची पोरं, बंद पडलेल्या मागावरचे दोघं-तिघं, दोन बायका, आणि मी. आम्हाला वाटलं होतं, शिट्टी मिळेल, काठी मिळेल, मिशा वाढवायच्या आणि उभं राहायचं. तू आल्या आल्या काठी काढून घेतलीस. "आपण पोलीस न्हाई. कुणाच्या अंगाला हात लावायचा न्हाई. बाईची झडती बाईच घेणार. पिशवीत आपला हात जाणार न्हाई, ज्याची पिशवी त्यालाच उघडायला लावायची. बघायचं, थांबवायचं, कळवायचं." मग आग. कुठल्या आगीवर पाणी मारायचं आणि कुठल्या आगीवर मारलं तर आपणच जाऊ. सिलिंडरची पिन कशी ओढायची, नळी ज्वाळेवर नाही, बुडाशी कशी धरायची. पडलेल्या माणसाला कसं कुशीवर वळवायचं. हे सगळं मला जमलं. माझं अडलं ते भलत्याच ठिकाणी.

तुझा नियम होता, गेटवर माणसाला त्याचं गाव विचारायचं नाही. नाव विचार, काम विचार, कुणाला भेटायचंय ते विचार. गाव नाही. वर्गात कुणाला तो पटेना. आपल्याकडं अनोळखी माणसाशी बोलायचं तर आणि काय विचारायचं? "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" हे विचारल्याशिवाय आपण रस्त्यावर बैलही सोडवून देत नाही. तू म्हणालीस, "गाव इचारलं की तिसऱ्या वाक्याला नातं निघतंय. नातं निघालं की पिशवी बघायची लाज वाटती. मग कशाला उभा हायेस तिथं?"

परीक्षेला तू एका टेम्पोवाल्याला पिशवी देऊन माझ्या गेटवर पाठवलंस. मी नाव विचारलं. दत्तू. काम विचारलं. मालकाला भेटायचंय. एवढं नियमानं झालं आणि मग माझी जीभ खाजायला लागली.

"कुठलं म्हणायचं?"

"शिराळ्याचा."

"शिराळ्यात कुणाचं?"

त्यानं सांगितलं, आणि अक्का, तो आपल्या मावसभावाच्या सासुरवाडीचा निघाला, त्याला मी काय करू? मी त्याला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, नागपंचमीला त्यांच्याकडं जेवलो होतो ते काढलं, आणि पाव्हण्याची पिशवी उन्हात कशाला म्हणून स्वतः उचलून ऑफिसात नेऊन ठेवली. तू ती उघडलीस. आत दोन विटा.

"हा बॉम्ब हाय," तू वर्गाला सांगितलंस. "तो बाळूनं सोता आत नेऊन ठेवला. वर बॉम्बवाल्याला पाणी पाजलं."

दत्तू इतका हसला की त्याला पुन्हा पाणी द्यावं लागलं. तेव्हापासून तो माझ्या घरचा झाला. मी नापास.

दुसऱ्या खेपेला पास झालो, पण घटनेचा अहवाल लिहायचा पेपर तेव्हाही मला आडवा आलाच. मी सुरुवात केली होती, ‘सकाळची कोवळी उन्हं पसरली होती.’ तू तेवढ्यावर रेघ मारलीस आणि पुढचं न वाचताच परत दिलंस. काय झालं, कुठं, कवा, कुणी बघितलं. बास. आणि जे बघितलं नाही ते ‘बघितलं नाही’ असं लिही. "असंल, वाटतंय, बहुतेक, हे घरी जाऊन बायकूला सांग," म्हणालीस.

मी तेच करायचो. रोज जेवण झालं की सुनंदासमोर तुझा वर्ग भरवायचो. पदर खोचल्यासारखं करायचो, लाटणं पट्टीसारखं धरायचो आणि तुझ्या आवाजात ओरडायचो, "आधी वारा बघा, मग पळा. ज्याला वारा कळत न्हाई तो सरळ गॅसातच पळतोय." सुनंदा हसून हसून भांडी घासायची थांबायची. तिला मी म्हणे हुबेहूब तुझ्यासारखा दिसायचो. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आणखी एक फेरी.

पोस्टिंग मिळालं ते बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला. सुनंदा तिथंच बेदाणा निवडायला जायची, माझ्या आधीपासून. दत्तूची आईही तिथंच. बायकोच्या गेटवर नवरा उभा करू नये असं तुझं मत होतं, पण माणसं कमी होती.

आता त्या दुपारचं. हे मी लग्नाबारशात इतक्यांदा सांगितलंय आणि तू इतक्यांदा दुरुस्त केलंयस की आता माझं कुठलं आणि तुझं कुठलं, मलाच वेगळं करता येत नाही. तुझंच सांगतो.

तू पोस्ट बघायला आली होतीस आणि माझ्या बुटाच्या नाडीवरून मला बोलत होतीस. नाकात सुई गेल्यासारखा वास आला. पाठोपाठ मशीनरूममधला माणूस तोंडावर हात धरून धडपडत बाहेर आला आणि भोंगा वाजला. अमोनिया. मी मशीनरूमकडं बघत राहिलो. तू वर बघितलंस, शेजारच्या कारखान्याच्या धुराड्याकडं. धूर कुठल्या बाजूला झुकलाय ते बघितलंस आणि मग बोललीस.

"गेट लाव. बाहेर येणाऱ्याला वजनकाट्याकडं लाव. बाहेरचं कुणी आत येणार न्हाई. रस्ता मोकळा ठेव, बंब यायचाय."

पांढरा ढग जमिनीलगत सरकत होता. आमच्या अंगावर येत नव्हता, पण पुढचं अंगण आणि मागची शेड यांच्या बरोबर मधून चालला होता. निवडीच्या हॉलमधून बायका ओले पदर नाकाला लावून बाहेर येत होत्या, कुणी खोकत, कुणी पायातली चप्पल टाकून. तू वजनकाट्याजवळ एकेकीच्या खांद्याला हात लावून मोजत होतीस. पुन्हा मोजलंस. सकाळच्या हजेरीशी ताळा केलास. मी गेटवरून तुझं तोंड बघत होतो. तुझ्या तोंडावरून आजवर कुणाला काही कळलेलं नाही, तरी मला कळलं.

दोन कमी होत्या.

"अक्का, सुनंदा?"

तू माझ्याकडे बघितलंस. नजर चुकवली नाहीस.

"बघितली न्हाई."

"म्हंजी आत हाय?"

"तसं म्हणत न्हाई मी. भायेर आलेली बघितली न्हाई. दत्तूची आय बी न्हाई. गेट सोडू नको."

एवढं बोलून तू फोनकडं वळलीस.

तोवर बाहेर मोटरसायकलींची रांग लागली होती. वसाहतीत बातमी जायला किती वेळ लागतो. नवरे, दीर, भाऊ, जो तो गेटला धडका देत होता. आणि सगळ्यात पुढं दत्तू.

"पाव्हणं, उघडा. आय आत हाय माझी."

"मागं सरा, पाव्हणं. बंब येतोय."

"बंब येईस्तवर काय उरंल? तिला गुडघ्यानं पळता येतंय व्हय? उघडा म्हणतो ना."

"मागं सरा."

"तुमची बायकू बी आत हाय म्हणत्यात. हाय का न्हाई? बोला की. आन् तुमी हितं कडी धरून उभं? माणूस हायसा का कोण हायसा?"

तो परका असता तर मी ऐकून घेतलं असतं, पण त्याच्या आईच्या हातची पुरणपोळी मी खाल्ली होती. गाव का विचारू नये, ते मला तिथं समजलं, आणि समजून काही उपयोग नव्हता. लोक पुढं सांगतात की बाळूनं गेट सोडलं नाही. खरं म्हणजे मी त्या कडीला लटकलेला होतो. ती सोडली असती तर मी आतही गेलो नसतो आणि बाहेरही, तिथंच बसलो असतो.

आणि मनात एकच. ही माझी सख्खी बहीण. ‘आली रे, तिकडं बसलीय’ एवढं म्हणायला हिचं काय जातंय?

बंब आला. रस्ता मोकळा होता म्हणून थेट आत आला. त्यांच्या साहेबानं उतरता उतरता विचारलं, आत कोण आहे? तू म्हणालीस, "दोन बायका. भायेर आलेल्या न्हाईत. मागच्या शेडात रिकामं क्रेट आणायला गेलत्या असं बाकीच्या सांगत्यात, मी बघितलं न्हाई. एक म्हातारी हाय, तिला पळता येत न्हाई." दुसरी कोण, ते तू सांगितलं नाहीस. तुझा आवाज वर्गात हजेरी घेतानाचा होता. पाठीवर नळकांडी आणि तोंडाला मुखवटे लावून दोघं जण त्या पांढऱ्यात शिरले आणि दिसेनासे झाले.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. लग्नात मी अर्धा तास म्हणतो. तू दर वेळी म्हणायचीस, "न्हाई. एवढा न्हाई." दत्तूही ओरडायचा थांबला होता. गजातून हात घालून त्यानं माझी बाही धरली होती, मला मारायला की धरून राहायला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

मग गर्दी मागून हलली. एक बाई दोन्ही हातांनी वाट काढत पुढं आली, डोळे लाल, केसांत जळमटं. मी गजातून हात काढून तिच्या खांद्याला लावला आणि ढकललं.

"मागं सरा बाई. आत कुणाला सोडत न्हाई."

"मी आतनंच आलीय," सुनंदा म्हणाली.

तिच्या मागं दत्तूची आई, कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसलेली. भोंगा झाला तेव्हा दोघी मागच्या शेडात होत्या. म्हातारी पुढच्या दाराकडं निघाली, तर सुनंदानं तिला धरलं, पोत्याची सुतळी लोंबत होती ती कुठं हलतेय ते बघितलं, आणि उलट्या बाजूला, मागच्या भिंतीकडं ओढत नेलं. क्रेटवर क्रेट रचले, म्हातारीला वर चढवलं, पलीकडच्या रिकाम्या प्लॉटात उतरवलं. मग सगळ्या वसाहतीला वळसा घालून चालत आली. वारा बघायचं तुला कुणी शिकवलं, असं तिला नंतर पेपरवाल्यानं विचारलं. "नणंदबाईंनी," म्हणाली. लाटण्याचं काही बोलली नाही.

दत्तूनं आईला मिठी मारली. मी सुनंदाला काय केलं ते आठवत नाही, ती सांगते की मी तिला गेटपास विचारला. तू आधी पळत बंबाकडं गेलीस, "दोघी सापडल्या, आत कुणी न्हाई, तुमच्या माणसास्नी भायेर घ्या," आणि ते दोघं मुखवटेवाले बाहेर आलेले डोळ्यांनी बघितल्यावरच सुनंदाकडे आलीस. तिच्या खांद्याला हात लावलास. मोजलीस. "आधी जमायच्या जागी यायचं," म्हणालीस, "रडायचं मागनं."

त्या संध्याकाळी मी तुझ्याशी भांडलो. त्यानंतर दर दिवाळीला, दर जत्रेला. भांडण तेच.

"खोटं तरी बोलायचंस, अक्का. ‘आली’ म्हणायचंस. आन् ती आलीच हुती. तू खोटं बोलली असतीस तर ते खरं निघालं असतं."

"तुला ‘आली’ म्हटलं असतं, तर बंबवाल्याला काय सांगितलं असतं?"

"त्याला खरं सांगायचं. मला खोटं."

"गेटवर दोन तोंडं करायला मला शिकवलं न्हाई कुणी. तू ‘आली आली’ करत वरडला असतास, सगळ्यांनी ऐकलं असतं, आन् मागच्या शेडात कुणी बघायलाच गेलं नसतं. ती खरंच तिथं पडली असती तर?"

"पडली नव्हती."

"ते तवा कुणाला ठावं हुतं?"

इथं मी हरायचो आणि विषय बदलून तुझ्या भाजीत मीठ कमी म्हणून खोड काढायचो. सुनंदा तुझ्याच बाजूची. ती म्हणायची, तुमी आत आला असता तर मला म्हातारीला सोडून तुमाला भिंतीवर चढवावं लागलं असतं, आन् क्रेट मोडलं असतं. पण माझ्या मनातलं निराळं होतं आणि ते मी कधी बोललो नाही. मला तुझा हिशेब पटला होता, अक्का. मला एवढंच हवं होतं की ‘बघितली न्हाई’ म्हणताना तुझा आवाज एकदा तरी फाटावा. तुझ्या भावाची बायको होती ती. तू तिच्या मांडवात करवली म्हणून मिरवली होतीस.

गेल्या महिन्यात मिरजेच्या दवाखान्यात तुझे तपासणीचे कागद आले. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावून सांगितलं, पेशंटला नाही. आपल्याकडं तशीच रीत आहे. विकास तेव्हा सीमेवर, तुझी सून रडून कोपऱ्यात बसलेली, आणि सगळ्या पैपाहुण्यांचं बाहेरच्या बाकावर एकमत झालं की अक्काला ‘कावीळ हाय, उतरंल’ असंच सांगायचं. कुणी सांगायचं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "बाळू, जलमभर थापा मारल्यास. एक कामाची मार." घरातला एवढा मान मला पहिल्यांदाच मिळत होता.

दाराशी उभा राहून मी जुळवाजुळव केली. काविळीची एक चांगली गोष्ट होती माझ्याकडं, एका वैद्याची, तिच्यात शेवटी पेशंट ऊस खाऊन बरा होतो. ती घेऊन आत आलो. उन्हं खिडकीतून तुझ्या पायांवर आली होती. पाय हळदीसारखे पिवळे.

"काय म्हणला डाक्टर?"

"अगं, आपल्या गावाकडं एक वैद्य हुता बघ."

"बाळू." तू डोळे मिटलेस आणि उघडलेस. "वैद्य नगं. तुझ्या कानानं काय ऐकलंस?"

मी पाण्याचा तांब्या भरला. भरलेलाच होता तो, सांडलं. फरशी पुसली. बाकावरची सगळी माणसं दाराच्या फटीतून बघत असणार. एक शब्द बोलायचा होता, कावीळ, आणि तो खोटाही नव्हता, पायांवर दिसतच होता. तू माझी वाट बघत होतीस. घाई करत नव्हतीस.

मी सांगितलं. जेवढं ऐकलं तेवढं. गाठ कुठं आहे, ती काढता येणार नाही, आणि विकासला लवकर बोलावून घ्या असं डॉक्टर म्हणाले ते. मध्ये ‘बहुतेक’ नाही, ‘वाटतंय’ नाही. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. कुणीतरी हजेरी घेतंय असा निघत होता तो. फाटला असता तर पुढचं वाक्य आलं नसतं, म्हणून मी तो तसाच ओढत नेला.

तू पांघरूण पायांवर ओढून घेतलंस.

"विकासला आजच फोन कर," म्हणालीस. "उंद्या नगं." मी केला. म्हणून त्याला तुझ्या हातचं पाणी मिळालं आणि तुला त्याच्या.

पण ते नंतर. तेव्हा, फोनसाठी मी उठलो, तर तू माझं मनगट धरलंस. पकड अजून होती.

"सांगताना लय जड गेलं असंल तुला."

"व्हय."

"मला बी गेलतं, बाळू. त्या दिवशी. गेटवर."

एवढ्या वर्षांचं भांडण होतं, मला त्यावर पुष्कळ बोलायचं होतं. तेवढ्यात तुझी सून डोळे पुसून पेजेची वाटी घेऊन आत आली, आणि तू तिला विचारलंस, मीठ घातलंय का.